फणसाला जॅकफ्रूट का म्हणतात? गार्सिया दा ऑर्ता यांची गोष्ट



वर्गात इंग्रजी फळांची नावं घेताना फणसापाशी आलात की मुलं जॅकफ्रूट म्हणतात आणि पुढच्या फळाकडे जातात. पण एखादं चौकस मूल विचारतंच, सर, हा जॅक कोण? मँगो ठीक, बनाना ठीक, पण फणसाच्या मागे हा जॅक कुठून आला?

जॅक नावाचा कुणी माणूस नाही. केरळात फणसाला चक्का म्हणतात. पोर्तुगीजांनी ते नाव ऐकलं आणि त्यांच्या जिभेवर त्याचं जाका झालं. पुढे इंग्रजांनी जाकाचं जॅक केलं आणि त्याला फ्रूट जोडलं. आपला फणस मात्र संस्कृतातल्या पनसापासून सरळ आला.

ही दोन्ही नावं, जाका आणि पनस, शेजारी-शेजारी छापणारं एक पुस्तक १५६३ साली गोव्यात निघालं. ते लिहिणारे डॉक्टर म्हणजे गार्सिया दा ऑर्ता. आशियातल्या औषधी वनस्पतींबद्दल युरोपला प्रत्यक्ष पाहून सांगणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव घेतलं जातं. आणि आपल्या पालघर जिल्ह्याला ते परके नाहीत. वसईचा मुलूख त्यांनी पाहिला होता आणि तिथल्या माणसांबद्दल लिहूनही ठेवलं होतं. पर्यावरण, इतिहास आणि भाषा हे तीन विषय एका फळात शिकवायचे असतील तर त्यांचं चरित्र फार उपयोगी पडतं. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

लपवलेलं घर

ऑर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द विदे या गावी झाला. स्पेनच्या सीमेजवळचं हे छोटं गाव. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यू लोकांना देशाबाहेर काढलं तेव्हा हजारो कुटुंबं पोर्तुगालमध्ये आली. पण तिथेही १४९७ मध्ये त्यांच्यावर सक्तीने ख्रिस्ती धर्म लादला गेला. अशा लोकांना नवख्रिस्ती म्हणत. कागदोपत्री ते ख्रिस्ती होते, पण घरात जुन्या चालीरीती पाळतात का यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर असायची. शनिवारी कुणाच्या घरी चूल पेटली नाही, एवढ्यावरूनही संशय यायचा.

अशा घरात वाढलेलं मूल काय शिकलं असेल, याचा तुम्हीच विचार करा. बाहेर काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हा त्याचा पहिला धडा असणार.

मुलगा हुशार होता. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला या नावाजलेल्या विद्यापीठांत तो शिकला. १५२६ मध्ये पोर्तुगालमध्ये वैद्यकीचा परवाना मिळाला आणि काही वर्षांतच लिस्बन विद्यापीठात शिकवायची जागाही मिळाली. म्हणजे डॉक्टर ऑर्ता काही काळ आपल्यासारखेच मास्तर होते बरं का!

त्या काळी वैद्यक शिकणं म्हणजे जुने ग्रंथ पाठ करणं. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस आणि गॅलन हे दोघे होऊन तेरा-चौदा शतकं उलटली होती, तरी त्यांनी लिहिलं तेच खरं. एखादी वनस्पती त्यांच्या पुस्तकात नसेल तर ती नसल्यातच जमा. त्यांनी चुकीचं लिहिलं असेल तर चूक वनस्पतीची! भारतातून मिरी, दालचिनी, लवंग युरोपात पोचत होती, पण ती झाडं कशी दिसतात, पानं कशी, फुलं कधी येतात, हे तिथल्या प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं. वाळलेला माल हातात, आणि झाड हजारो मैलांवर.

वसईच्या किनाऱ्यावर

मार्च १५३४ मध्ये ऑर्ता यांनी लिस्बन सोडलं. मार्तिम आफोन्सो द सौझा या सेनानीच्या आरमाराबरोबर मुख्य डॉक्टर म्हणून ते निघाले आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला पोचले. त्यांनी देश का सोडला, याचं कारण त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. पण दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं हे लक्षात ठेवा.

ते आले त्याच वर्षी, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटंही त्यात आली. पुढे केळवे-माहीम, तारापूर, डहाणू हा आपला किनारा पोर्तुगीज अमलाखाली गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. तारापूरचा किल्ला मुलांनी पाहिलेला असतो, पण तो कोणत्या गोष्टीचा भाग आहे हे त्यांना माहीत नसतं. ऑर्ता यांची गोष्ट सांगताना तो किल्ला जरूर दाखवा.

पहिली काही वर्षं ऑर्ता सौझाच्या मोहिमांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर फिरले. १५३८ च्या सुमारास ते गोव्यात स्थिरावले. तिथे दवाखाना चालवला, शाही इस्पितळात काम केलं, व्हाइसरॉयवर उपचार केले. लग्न झालं, दोन मुली झाल्या. औषधी मालाचा व्यापारही केला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे तर ते डॉक्टर आणि स्नेही दोन्ही होते. निजामशहाने त्यांना आजारांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली आणि ऑर्ता यांनी त्याला लॅटिन नावं शिकवली. दोन मोठी माणसं समोरासमोर बसून शब्दांची देवघेव करताहेत, हे चित्र मला फार आवडतं. दोघंही गुरू, दोघंही विद्यार्थी.

१५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्यांना मुंबई बेट वार्षिक खंडाने दिलं. हो, मुंबई! तेव्हा ती ताडामाडांची, भातखाचरांची, कोळीवाड्यांची बेटं होती. तिथे त्यांचं घर आणि बाग होती. त्या बेटावरचा एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असं त्यांनी कौतुकाने नोंदवलं आहे. ज्या जागी हे घर होतं असं मानतात, तिथेच पुढे इंग्रजांचा मुंबईचा किल्ला उभा राहिला.

त्यांच्या लिखाणात वसईच्या मुलुखातली माणसंही भेटतात. भात पिकवणारे कुणबी, बागा राखणारे माळी, वसुलीचे हिशेब ठेवणारे प्रभू, व्यापार करणारे वाणी आणि पारशी यांची नोंद त्यांनी केली आहे. घारापुरीच्या लेण्यांचं वर्णनही केलं आहे. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा आपला मुलूख कसा होता हे शोधताना अभ्यासकांना आजही ही पानं उघडावी लागतात.

पुस्तक कसं आहे?

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात हे पुस्तक छापून झालं. भारतात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. पुस्तकाच्या लांबलचक पोर्तुगीज नावाचा अर्थ साधारण असा: भारतातल्या वनौषधी आणि औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. छपाईच्या चुका इतक्या की शेवटी शुद्धिपत्राची पानंच्या पानं जोडावी लागली. पुढे पोर्तुगालचा महाकवी म्हणून गाजलेला कामोंइश याची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे.

आता शिक्षकांसाठी गंमत. हे पुस्तक धड्यासारखं लिहिलेलं नाही, गप्पांसारखं लिहिलं आहे. रुआनो नावाचा एक विद्वान डॉक्टर स्पेनहून गोव्याला येतो. तो ऑर्ता यांच्याबरोबर शिकलेला. त्याला सगळे जुने ग्रंथ पाठ. तो प्रश्न विचारतो आणि ऑर्ता उत्तरं देतात. ग्रंथांत तर असं लिहिलंय, असं रुआनो म्हणाला की ऑर्ता त्याला झाड दाखवतात, फळ चाखायला देतात, नाहीतर ज्याला माहिती आहे अशा माणसाला बोलावतात. रुआनो हे काल्पनिक पात्र. बरेच अभ्यासक म्हणतात की दोघंही ऑर्ताच आहेत. एक सालामांकात शिकलेला तरुण आणि दुसरा तीस वर्षं भारतात राहिलेला म्हातारा.

या म्हाताऱ्याने एक फार मोठी गोष्ट केली. ग्रीकांनी काय लिहिलं याची भीती मला घालू नका, मी जे पाहिलं तेच सांगतो, असा पवित्रा त्याने उघडपणे घेतला. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची आपली हिंमत झाली नसती, हेही त्याने कबूल केलं आहे.

चिंचेचं उदाहरण घ्या. अरबीत चिंचेला तमर-ए-हिंद म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हणतात. नावात खजूर, म्हणून युरोपात काहींना वाटे की चिंच ताडा-खजुराच्या जातीच्या झाडाला लागते. ऑर्ता यांनी रोज चिंचेचं झाड पाहिलेलं, त्यांनी हा घोळ निस्तरला. महामारीचंही तसंच. आपण जिला पटकी किंवा कॉलरा म्हणतो त्या रोगाचं त्यांनी केलेलं वर्णन एखाद्या युरोपीय डॉक्टरने लिहिलेलं पहिलं नीट वर्णन मानलं जातं. इथले लोक तिला मोडशी म्हणत, ते नावही त्यांनी टिपलं. पोर्तुगीजांनी मोडशीचं मोर्देशी केलं. फ्रेंचांनी ते ऐकून मोर-द-शियँ केलं, म्हणजे त्यांच्या भाषेत कुत्र्याचं मरण! शब्द प्रवासाला निघाला की असा वेश बदलतो.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. काळी मिरी आणि पांढरी मिरी दोन वेगळ्या वेलींना येतात, असं त्यांना वाटत होतं. खरं तर दोन्ही एकाच वेलीची फळं, पांढऱ्या मिरीची फक्त वरची साल काढलेली असते. जिथे त्यांनी स्वतः पाहिलं तिथे ते सहसा चुकले नाहीत. ऐकीव माहितीवर विसंबले तिथे पाय घसरला. मुलांना हेही सांगा, नाहीतर चरित्र म्हणजे आरती होऊन बसते.

अठ्ठाविसावा संवाद: फणस

पुस्तकातले विषय साधारण वर्णानुक्रमाने लावले आहेत. त्यामुळे ज पासून सुरू होणारी फळं एकत्र आली: जाका, जांभूळ, जाम आणि जांगोमा. अठ्ठाविसाव्या संवादात ही सगळी मंडळी भेटतात. त्यात फणसाची मलबारकडची आणि इकडची नावं आहेत. कलिंगडाहून थोर असं फळ, काटेरी साल, आतले गोड गरे आणि भाजून खायच्या आठळ्या यांचं वर्णन आहे. आठळी युरोपातल्या चेस्टनटसारखी लागते अशी तुलना आहे. आणि फणस बारीक फांदीला न लागता खोडाला लागतो, हे नवल त्यांनी नोंदवलं आहे.

इथे थोडं थांबून वनस्पतिशास्त्र पाहू. ऑर्ता यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता आणि वनस्पतींची कुळंही तेव्हा ठरली नव्हती. त्यांनी जे पाहिलं त्याचा अर्थ पुढच्या लोकांनी लावला.

फणस तुतीच्या कुळातला, मोरेसी कुळातला. म्हणजे वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे त्याचे भाऊबंद. कोवळं पान तोडा, पांढरा चीक येतो. फांदीच्या टोकाची कळी एका टोपीसारख्या आवरणात असते, ती टोपी गळली की फांदीवर बांगडीसारखी खूण राहते. वडाच्या आणि फणसाच्या फांद्या शेजारी ठेवा, दोन्हींवर ही बांगडी दिसेल. नात्याचा एवढा सोपा पुरावा दुसरा नाही.

एकाच फणसाच्या झाडावर नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळ्या कणसांत येतात. नरकणसं लहान, लांबट, बहुतेक कोवळ्या फांद्यांवर. पराग सांडले की ती काळी पडून गळतात. झाडाखाली पडलेली ही कणसं पाहून फणस गळून गेले म्हणून बरेच जण हळहळतात. पण ती कधी फणस होणारच नव्हती. मादीकणसं जाड देठांनी खोडातून किंवा जाड फांद्यांतून फुटतात. वीस-तीस किलोचं ओझं बारीक फांदी कशी पेलणार?

आणि खरी गंमत आत आहे. एक फणस म्हणजे एक फळ नाही! मादीकणसावर शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने असतात. वरचा प्रत्येक काटा म्हणजे एका फुलाचं टोक. ज्या फुलाला पराग मिळाला त्याचा झाला गरा आणि आत आठळी. ज्याला मिळाला नाही त्याचे झाले गऱ्यांमधले पांढरट-पिवळे चपटे धागे, जे आपण काढून टाकतो. मधला दांडा म्हणजे कणसाचा मूळ दांडा. एखादा फणस एका बाजूला खोलगट, वाकडातिकडा दिसला तर समजा, त्या बाजूच्या फुलांना पराग पोचले नाहीत. शेकडो फुलं मिळून तयार झालेल्या अशा फळाला संयुक्त फळ म्हणतात.

आता उंबर घ्या. उंबराचीही फळं खोडाला लगडतात. फणसाची फुलं दांड्याच्या बाहेरच्या बाजूला, तर उंबराची एका बंद गोलाच्या आतल्या बाजूला. फणस आत-बाहेर उलटा करून पिशवी शिवली तर जे होईल ते उंबर. म्हणून तर उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. ते असतं, पण आत असतं. उंबर फोडल्यावर चिलटासारखे किडे उडतात ना, त्यांच्याच जातीच्या इवल्या माद्या परागकण घेऊन बारीक छिद्रातून आत शिरलेल्या असतात.

फणसाचं शास्त्रीय नाव आर्टोकार्पस हेटेरोफायलस. आर्टोस म्हणजे ग्रीकमध्ये पाव, कार्पोस म्हणजे फळ. कॅप्टन कुकच्या जहाजावरून फिरलेल्या फॉर्स्टर बापलेकांनी हे प्रजातीनाव पॅसिफिक बेटांवरच्या विलायती फणसासाठी दिलं, कारण तिथले लोक तो पावासारखा भाजून खात. हेटेरोफायलस म्हणजे वेगवेगळ्या पानांचा. हा शब्द १७८९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी जोडला. फणसाच्या रोपाची कोवळी पानं कधी कधी खाचा असलेली असतात आणि मोठ्या झाडाची अखंड.

आणखी एक गोष्ट. आठळी वाळली की मरते. धान्यासारखी ती साठवून, महिनोन्महिने जहाजातून नेऊन पेरता येत नाही. म्हणजे युरोपातल्या विद्वानाला फणस कळायचा तर एकच वाट होती, ज्याने झाड पाहिलंय त्याच्यावर विश्वास ठेवणं.

आंतोनिया कुठे गेली?

ऑर्ता यांना हे सगळं कुणी दाखवलं? पुस्तकात याची उत्तरं आहेत, आणि मला वाटतं हाच या चरित्राचा गाभा आहे. संवादाच्या मध्येच आंतोनिया नावाची मुलगी येते. गुलामगिरीच्या त्या काळात ऑर्ता यांच्या घरी राबणारी ही मुलगी. मालक सांगतात आणि ती बागेतून हवं ते रोप, हवी ती डहाळी अचूक घेऊन येते. मालुपा नावाचे एक हिंदू वैद्य येतात आणि आपल्याकडे औषध कसं वापरतात ते सांगतात. अरब आणि गुजराती व्यापारी येतात. शिकलेल्या डॉक्टरांच्या गप्पांत ही माणसं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने बोलतात.

पुस्तक छापल्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच क्लुसियस नावाच्या तरुण वनस्पतितज्ज्ञाच्या हाती त्याची एक प्रत पोर्तुगालमध्ये पडली. त्याने त्याचा लॅटिन सारांश केला आणि तो १५६७ मध्ये अँटवर्पला छापला. लॅटिन ही तेव्हाची विद्वानांची भाषा, त्यामुळे ऑर्ता यांचं ज्ञान युरोपभर गेलं. क्लुसियसचे हे उपकार मोठेच. पण सारांश करताना त्याने गप्पा काढून टाकल्या आणि माहिती तेवढी ठेवली. रुआनो गेला, त्याचे प्रश्न गेले. आंतोनियाही गेली. वनस्पती उरल्या, पण त्या ओळखून आणून देणारी मुलगी उरली नाही.

तुम्हीच सांगा, आपल्या पाठ्यपुस्तकांचं तरी वेगळं काय होतं? माहिती राहते, ती कुणाकडून आली हे गळून जातं.

मरणानंतरचा खटला

आता या गोष्टीचा शेवट. तो मुलांना सांगताना वय बघून सांगा, पण लपवू नका.

ऑर्ता यांची आई आणि बहिणी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनच्या तुरुंगात राहून आल्या होत्या. सुटल्यावर, १५४९ मध्ये, त्या गोव्याला भावाकडे आल्या. समुद्र ओलांडल्यावर सुटलो असं त्यांना वाटलं असेल. पण १५६० मध्ये गोव्यातही इन्क्विझिशन सुरू झालं. तिथल्या हिंदूंनाही त्याचा पुढे फार जाच झाला. पुस्तक छापून निघालं ते याच काळात. ग्रीक आचार्यांना चुकलात म्हणणारा हा माणूस स्वतःच्या घराबद्दल मात्र एक अक्षर बोलू शकत नव्हता. झाडाबद्दल खरं बोलायला जी मोकळीक होती, ती स्वतःबद्दल नव्हती.

१५६८ मध्ये ऑर्ता यांचं गोव्यात निधन झालं. जिवंतपणी त्यांच्यावर खटला झाला नाही. पण ते गेल्यावर घरच्यांवर संकट कोसळलं. बहीण कातारिना हिला पकडलं आणि ऑक्टोबर १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळलं. नातेवाइकांच्या जबान्यांवरून ऑर्ता हे मनाने अखेरपर्यंत ज्यूच राहिले असं न्यायालयाने ठरवलं. आणि डिसेंबर १५८० मध्ये, मरणानंतर बारा वर्षांनी, त्यांची हाडं उकरून काढून जाळली आणि राख मांडवीत टाकली.

त्यांचं पुस्तक मात्र तोवर हाताबाहेर गेलं होतं. ते अँटवर्पला होतं, इटलीत होतं, डॉक्टरांच्या कपाटात होतं. ते कोण जाळणार? पुढे काळ बदलला. पणजीच्या बागेला त्यांचं नाव मिळालं. विसाव्या शतकात पोर्तुगालच्या वीस एस्कुदोच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं. ज्या राजवटीच्या न्यायालयाने हाडं जाळली, त्याच देशाच्या नोटेवर चेहरा!

वर्गात काय करता येईल?

पाम, बोईसर, तारापूर परिसरातल्या शाळांत दोन तऱ्हेची मुलं शेजारी बसतात. काहींचे आईवडील औद्योगिक वसाहतीत कामाला, देशाच्या चार कोपऱ्यांतून आलेले. काही वारली, मल्हार कोळी, कुणबी, मांगेला घरांतली, इथल्याच मातीतली. ऑर्ता शिकवायला यापेक्षा चांगला वर्ग कुठला? मी सुचवतो ते असं:

१. फणस किंवा त्याची कोवळी कुयरी वर्गात आणा. हाताला आणि कोयतीला खोबरेल लावून एखाद्या पालकाकडून ती आडवी कापून घ्या. काटा, गरा, आठळी, धागे, दांडा यांचं चित्र मुलांना काढू द्या. कोणत्या फुलाला पराग मिळाला आणि कोणत्याला नाही, ते त्यांनाच ओळखू द्या.

२. हाताच्या पंजाएवढ्या जागेत किती काटे ते मोजा आणि त्यावरून सगळ्या फणसावर किती फुलं होती याचा अंदाज काढा. गणिताचा तासही होऊन जाईल.

३. वड, पिंपळ, उंबर आणि फणस यांच्या डहाळ्या आणून बांगडीची खूण आणि चीक शोधा. चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मोठ्यांनी घ्यावी.

४. प्रत्येक मुलाने घरी जाऊन फणसाचं आपल्या बोलीतलं नाव विचारून यावं. वारलीत काय, हिंदीत काय, गुजरातीत, बंगालीत, मल्याळममध्ये काय. फळ्यावर यादी करा. कटहल येईल, काँठाल येईल, चक्का आला की जॅकचं कोडं मुलं स्वतःच सोडवतील.

५. ही यादी करताना एक नियम पाळा. प्रत्येक नावापुढे ते सांगणाऱ्या माणसाचं नाव लिहा. आजी, शेजारच्या काकू, भाजीवाल्या मावशी, जे कुणी असेल ते.

पालकहो, तुमच्याकडे मूल असं काही विचारायला आलं तर शाळेत विचार किंवा पुस्तकात बघ म्हणून परत पाठवू नका. तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगा. कोणता फणस कापा आणि कोणता बरका हे तुम्ही कसं ओळखता, तो पिकला हे टिचकी मारून कसं कळतं, आठळ्या चुलीत भाजायच्या की आमटीत घालायच्या. ऑर्ता यांनी तीस वर्षं हेच प्रश्न इथल्या माणसांना विचारले आणि त्या उत्तरांवर त्यांचं पुस्तक उभं राहिलं.

यादी पूर्ण झाली की ती वर्गाच्या भिंतीवर लावा. त्यावर आंतोनियाचंही नाव असू द्या.